शेवटचं घर तुमचंच

लातूर,
ता. ६ नोव्हेंबर

ती. राहेलअक्कास,
उज्वलाचा सप्रेम सलाम. वि. वि.

तुझं पत्र दिवाळीत पोचलं. कानाचं मशीन फोनला लावलं की शिट्टी मारतं म्हणतेस. तू हॅलो हॅलो करून फोन ठेवून देतेस आणि इकडं मी एकटीच बोलत बसते. त्यापेक्षा पत्र बरं. घरच्या ग्रुपवर जे लिहिता येत नाही ते इथं लिहिता येतं.

ह्यांची तब्येत आहे तशी आहे. उजवा हात उचलवत नाही. काठी घेऊन अंगणातल्या नळापर्यंत जातात, परत येऊन खुर्चीत बसतात. बोलणं मात्र नाहीच. लकवा मारल्यावर जीभ जड झाली होती, एक शब्द काढायला कपाळावर घाम यायचा, पण गाणं येत होतं हे तू डोळ्यांनी पाहिलंस. तुझ्या वॉर्डातही असे पेशंट होते असं तूच म्हणाली होतीस, बोलणं जातं पण गाणं राहतं. दाढी करताना अख्खं पद म्हणायचे आणि मी पोळ्या लाटत ऐकायची. आता वर्ष होत आलं, घरात माझाच आवाज.

मागच्या नाताळात नातवाला गोवर आला म्हणून तू आली नव्हतीस, आणि तुला वाईट वाटेल म्हणून मी अर्धंच सांगितलं. आता पुरतं सांगते.

आपल्या धाकट्या आनंदराजनं नाताळची गाणी घरोघर फिरवायची पद्धत बंद केली आणि चर्चच्या मैदानात स्टेज घातलं हे तुला ठाऊक आहे. मोठा साउंड, लायटिंग, भाड्याचा सांताक्लॉज. तरी पहिलं पद दाजींचंच, असं त्यानं ह्यांना स्वतः येऊन सांगितलं होतं. ह्यांनी महिनाभर तयारी केली. नवा सदरा शिवला. मी हाताला धरून स्टेजवर नेलं. पहिलं कडवं नीट झालं. दुसऱ्यात एका ओळीवर आवाज अडकला. परत तीच ओळ, परत तीच. थोडा दम खाऊ दिला असता तर पुढं गेले असते, मला माहीत होतं, मी खालून ओठ हलवत होते. तेवढ्यात आनंदराजनं माइक घेतला आणि म्हणाला, दाजींची कॅसेट अडकली मंडळी, आता पेन ड्राइव्ह लावू. गाणं लावायची खूण केली. लोक हसले. सगळे नाही, पण कोण कोण हसलं ते मला तोंडपाठ आहे.

ह्यांना खाली उतरवायला कुणी आलं नाही. मीच गेले. त्या संध्याकाळपासून ह्या माणसानं तोंड उघडलेलं नाही, ना बोलायला ना गायला.

आईच्या मागं आनंदराज माझ्या घरी वाढला. ह्यांनी त्याला आपल्या ताटात जेवू घातलं, सायकलवर मागं बसवून शाळेत सोडलं, पेटी शिकवली. त्यानं वर्षभरात एकदाही येऊन चुकलं म्हटलं नाही.

आता त्याला महापालिकेला उभं राहायचंय. येत्या चोवीस डिसेंबरला नांदेड रोडच्या एका लॉनवर नाताळ महोत्सव ठेवलाय. पक्षाचे साहेब येणार, आणि सगळा मोहल्ला आपल्या मागं आहे हे त्यांना भरलेल्या खुर्च्यांनी दाखवायचंय. चौकात फ्लेक्स लागलाय, त्यावर हा लाल टोपी घालून हात जोडून उभा. मी भाजीला जाताना रोज त्याच्या खालून जाते आणि रोज एकच ठरवते. त्या सगळ्या खुर्च्या त्याला रिकाम्या बघायला लावीन. कसं ते अजून सुचलं नाही. पण लावीन.

तुझ्या लोभाची सवय आहे, ती मोडू देऊ नकोस.

तुझी,
उज्वला


नांदेड,
ता. १३ नोव्हेंबर

चि. सौ. उज्वलेस,
राहेलअक्काचे अनेक आशीर्वाद व सलाम.

पत्र वाचून ठेवलं, परत काढलं, परत वाचलं. तुझा राग मला नवा नाही. शाळेत कुणी तुझी पाटी फोडली तर तू त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईसमोर उभी राहायचीस. बोलायची काही नाहीस. ती बाई ताटावरून उठेपर्यंत नुसती उभी.

इकडं नाताळ महिनाभर आधीच घरात घुसलाय. सूनबाई तनुजा केकच्या ऑर्डरी घेऊन राहिली. फ्रिजमध्ये दुधाला जागा नाही, सगळीकडं भिजलेले मनुके. करंज्यांचं काढलं तर म्हणते, आई, करंज्या आता कुणी खात नाही, फोटोपुरत्या विकत आणू. नातवानं नवीन खेळ आणलाय. चिठ्ठ्या काढायच्या आणि ज्याचं नाव येईल त्याला गुपचूप भेट द्यायची. माझ्या चिठ्ठीत माझंच नाव निघालं. मी कुणाला सांगितलं नाही. स्वतःला गरम मोजे घेणार आहे.

आता तुझं. आनंदराजनं केलं ते वाईटच केलं. पण तो दुष्ट नाही उजे, उथळ आहे. चार माणसं हसली की त्याला आपण मोठे झालो असं वाटतं, लहानपणापासून. मी त्याला पत्र टाकते. तुझ्या अमरनाथरावांसमोर बसून त्यानं माफी मागितली, तर तू त्या फ्लेक्सखालून मुकाट्यानं जायचं. कबूल आहे का ते कळव. तोवर काही करू नकोस.

अमरनाथरावांना गाण्याचा आग्रह करू नकोस. त्यांच्या जवळ बसत जा, एवढंच.

आशीर्वाद आहेतच, घट्ट धरून रहा.

तुझी अक्का,
राहेल


लातूर,
ता. २२ नोव्हेंबर

आदरणीय अक्का,
आनंदराजचा सलाम.

तुझं पत्र मिळालं. हातानं लिहायची सवय मोडलीय, अक्षर गोड मानून घे.

तू मला रागावलीस, तुझा हक्क आहे. पण उज्वलाताईनं माझ्या एका वाक्याचं वर्षभर लोणचं घातलंय. तू तिथं नव्हतीस. मैदान भरलेलं, पाहुणे आलेले आणि दाजी एका ओळीवर अडकून बसलेले. कार्यक्रम पडला असता. कुणीतरी सावरायला पाहिजे होतं, मी गंमत करून सावरलं. लोक हसले म्हणजे प्रेमानंच हसले. आणि खरं सांगू का, दाजींना आता काय कळतंय? खुर्चीत बसवलं की बसतात, उठवलं की उठतात. वाईट वाटून घेणारी ताई आहे, दाजी नाहीत.

तरी तू म्हणतेस तर माफी मागीन. पण निवडणूक होऊ दे. आत्ता मागितली तर लोक म्हणतील, घाबरला.

आता मुख्य गोष्ट. चोवीसला तू यायचंच. घरातली सगळ्यात मोठी म्हणून स्टेजवरची पहिली मेणबत्ती तुझ्या हातानं लागणार. साहेबांच्या शेजारी तुझी खुर्ची, तिच्यावर तुझं नाव. बस स्टँडवर गाडी पाठवतो. इतकी वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होतीस, साहेबांनाही ते सांगून ठेवलंय. जेवणाला बिर्याणी आहे. बेकरीचा एवढा मोठा केक सांगितलाय की चौघांनी उचलावा लागेल. लोकांनी वर्षभर नाव काढलं पाहिजे.

लहान भावावर सावली असू दे.

तुझा,
आनंदराज


नांदेड,
ता. २७ नोव्हेंबर

चि. सौ. उज्वलेस,
आशीर्वाद.

आनंदराजचं पत्र सोबत घातलंय. वाचून फाडून टाक.

'दाजींना आता काय कळतंय' हे वाक्य मी चष्मा पुसून परत वाचलं. सगळी नोकरी मी हे ऐकत आले. पेशंटच्या उशाशी उभं राहून नातेवाईक बोलायचे, ह्यांना काय कळतंय, आणि इकडं पेशंटच्या कानामागून उशीवर पाणी गळत असायचं. तो ओलावा पुसायचं काम माझं होतं. आपल्या घरातून हे वाक्य निघेल असं वाटलं नव्हतं.

मी मध्ये पडणार होते. आता पडत नाही. मारामारी नको, शिवीगाळ नको, कुणाच्या ताटात काही कालवायचं नाही. बाकी तुला काय करायचं ते कर. आणि माझ्यासाठी काही काम असेल तर ठेव. कान गेलेत, हातपाय चालतात.

तुझ्या बाजूची,
राहेल


लातूर,
ता. ५ डिसेंबर

ती. राहेलअक्कास,
सप्रेम सलाम. वि. वि.

अक्का, सापडलं.

तुळजाबाईकडं अनारशाचं पीठ द्यायला गेले होते. आपल्या गल्लीतली सगळ्यांत म्हातारी, आता तिला दिसतही नाही फारसं. ती बोलता बोलता म्हणाली, नाताळ आला न् गेला कळत न्हाई बाई, दारात गाणंच येत न्हाई. पूर्वी गाणं येऊन जाईस्तोवर कुणी घर सोडत नव्हतं. मी पिठाचा डबा हातात धरून तशीच उभी राहिले.

दारात नाताळचं गाणं येणार असताना कुलूप घालून बिर्याणी खायला जाईल असं घर आपल्या मोहल्ल्यात नाही. आजही नाही. म्हणून चोवीसच्या संध्याकाळी गाणी पूर्वीसारखी घरोघर फिरणार. मी फिरवणार.

दुसऱ्याच दिवसापासून सांगायला निघाले. मागच्या वर्षी जे हसले त्यांच्या घरी आधी गेले. त्यांना वाटलं भांडायला आले. मी बसले, चहा घेतला, लेकराला मांडीवर घेतलं, आणि म्हटलं की चोवीसला गाणं तुमच्या दारी येणार, घरी रहा. ते खाली मान घालून हाव हाव म्हणाले. उठताना दारात वळून एवढंच म्हटलं, शेवटचं घर तुमचंच, चहापाणी तुमच्याकडं, पण कुणाला बोलू नका, बाकीच्यांना वाईट वाटेल.

हे मी प्रत्येक घरी म्हटलं. ज्याच्याकडं शेवट आहे तो माणूस संध्याकाळभर उंबरा सोडत नाही. चहाचं आधण ठेवून रस्त्याकडं बघत बसतो. लॉनचं काय असं कुणी विचारलं तर सांगते, जा की, गाणं झाल्यावर खुशाल जा, मी कुठं अडवून राहिले.

पेटी कोण वाजवणार हा पेच होता. तोही सुटला. आनंदराजची अक्षरा स्वतःहून आली. कॉलेज सुटल्यावर दारात उभी राहिली आणि म्हणाली, आत्या, मागच्या वर्षी त्या स्टेजवर मी कीबोर्डवर होते, पप्पांनी खूण केली तेव्हा गाण्याचं बटण मीच दाबलं. एवढं बोलून ह्यांच्या पायाशी बसली. हे तिच्याकडं बघत राहिले. आता रोज संध्याकाळी येते, ह्यांच्या पेटीवर जुन्या चाली बसवते. बापाला माहीत नाही. मीही कळू देणार नाही. त्याच्याच घरातलं माणूस माझ्या बाजूला बघून त्याचं तोंड कसं होतं ते मला पाहायचंय.

तुझ्यासाठी काम आहे. त्याला गोड पत्र लिही की येते.

लोभाचा दिवा तुझ्याकडून विझू नये.

तुझी,
उज्वला


नांदेड,
ता. १० डिसेंबर

चि. आनंदराज यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं आग्रहाचं निमंत्रण पोचलं. एवढ्या मोठ्या लोकांत मला बसवतोस, डोळे भरून आले. चोवीसला दुपारच्या बसनं निघते. गाडी स्टँडवर नक्की पाठव, मला आता चालवत नाही. खुर्चीवर नाव ठळक लिही, म्हणजे दुसरं कुणी बसणार नाही.

तुझी,
अक्का


नांदेड,
ता. ११ डिसेंबर

चि. सौ. उज्वलेस,
आशीर्वाद.

तुझं काम केलं. इतकं गोड लिहिलं की पाकीट चिकटवताना माझीच मला लाज वाटली, आणि नंतर हसू आलं.

पण एक ऐक. पोरीला ह्यातून काढ. बदला भावाचा घ्यायचाय, त्याच्या लेकीचा नाही. संध्याकाळ संपल्यावर तू तुझ्या घरी जाशील. तिला त्याच्याच घरी जायचंय.

काळजीत असलेली,
राहेल


लातूर,
ता. २६ डिसेंबर

ती. राहेलअक्कास,
सप्रेम सलाम, आणि नाताळच्या शुभेच्छा, उशिरा का होईना.

झालं. आता नीट क्रमानं सांगते.

अक्षराला मी नको म्हटलं होतं, तुझं नाव घेऊन म्हटलं. ती म्हणाली, मी तुमच्यासाठी येत नाही आत्या. मग मी पेटीला पट्टा शिवून दिला.

दिवस मावळायला आम्ही चारपाच बाया निघालो. अक्षराच्या गळ्यात पट्ट्यानं अडकवलेली पेटी, ढोलकी तुळजाबाईच्या लेकाकडं. ह्यांना मागच्या वर्षीचाच सदरा घातला आणि चला म्हटलं. मान हलवून नकार दिला. खुर्ची दारात मांडून दिली आणि गेले.

पहिल्या घरी ताटभर करंज्या आणि मोठ्या पातेल्यात चहा. घरधनी गोंधळले, ताई, तुम्ही शेवटी येणार होतात ना. मी म्हटलं, आता शेवटपर्यंत सोबत चला म्हणजे झालं. ते चपला घालून मागं आले. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरापर्यंत सगळ्यांना उलगडा झाला. बाया एकमेकींच्या पाठीवर थापा मारून हसल्या, पण परत कुणी गेलं नाही. आपापली ताटं घेऊन माणसं मागं चालू लागली. लेकरं, म्हातारी, नव्या नवऱ्या, सगळी. गल्ली मावेना. मागच्या वर्षी हसलेला एकजण पुढं होऊन माझ्या हातातला ताऱ्याचा कंदील धरू लागला. धरू दिला. विसरले मात्र नाही.

तिकडचं, लॉनवरचं, चर्चच्या पाळकसाहेबांनी सांगितलं. प्रार्थनेसाठी त्यांना स्टेजवर बसणं भाग होतं. दिवे लागलेले, साउंड चालू, आणि समोर तंबूवाले, आचारी आणि पक्षाची चार पोरं. सांताक्लॉज वाढप्यांनाच चॉकलेटं वाटत फिरत होता. आनंदराज फोनवर फोन लावत होता आणि जो तो म्हणत होता, गाणं आलं की निघतोच. तुझी गाडी स्टँडवरून रिकामी आली. साहेबांनी तुझ्या नावाच्या खुर्चीकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं, आणि उठले. जाताना म्हणाले, आनंदराज, तुमची माणसं कुठं राहतात ते एकदा बघून घ्या.

फिरून फिरून आम्ही आमच्या अंगणात पोचलो तेव्हा तो आला. अंगात नवा ब्लेझर, छातीवर बिल्ला. मागं बिर्याणीचा टेम्पो, कारण आचारी विचारत होता हे कुठं उतरवू. पाळकसाहेबही मागोमाग आले. पेटी वाजवणारी आपली लेक आहे हे त्यानं पाहिलं. त्याचं तोंड जसं व्हावं म्हणून मी वर्षभर वाट पाहिली तसंच झालं. म्हणाला, ताई, तू माझं वाटोळं केलंस. मी म्हटलं, हाव, केलं. आणि चहा द्यायला लागले. एकेकाचं नाव घेऊन कप देत गेले. तो समोर उभा होता, त्याच्या पुढून ट्रे दोनदा नेला.

सगळी माणसं बघून राहिली होती. तेव्हा तो वळला आणि ह्यांच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसला. ह्यांचा हात धरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, दाजी, चुकलं माझं, मोठ्या मनानं माफ करा. आणि अक्का, प्रत्येकाचा चेहरा मऊ झाला. माझाही झाला असेल. आजारी, शांत माणूस, नाताळची संध्याकाळ, आता हे मान हलवतील आणि सगळे घरी जाऊन जेवतील, असंच सगळ्यांना वाटलं.

ह्यांनी हात काढून घेतला आणि म्हणाले, न्हाई.

वर्षानंतरचा पहिला शब्द. घाम नाही, अडखळणं नाही, स्वच्छ. पाळकसाहेब पुढं झाले आणि क्षमेबद्दल बोलू लागले. हे त्यांच्याकडं बघून परत म्हणाले, न्हाई. पाळकसाहेब मागं सरले. तुळजाबाईनं पदर तोंडाला लावला, रडत होती का हसत होती देव जाणे.

आनंदराज उठला. अक्षराचा दंड धरला, चल म्हणाला. ती हलली नाही. मग तो म्हणाला, तर माझ्या घरी येऊ नकोस. आणि गेला. तू म्हटलं होतंस तसंच झालं. पोरगी माझ्याकडं आहे, जेवते, पण फोन वाजला की दचकते.

बिर्याणी सिव्हिल हॉस्पिटलच्या गेटवर वाटली. मला मात्र गाढ झोप लागली. तुझ्याशी खोटं कशाला बोलू.

लोभ असाच राहो, माझ्या स्वभावासकट.

तुझी,
उज्वला


नांदेड,
ता. २९ डिसेंबर

चि. सौ. उज्वलेस,
आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आधी तो स्वतः आला होता. रविवारी, एकटा. तनुजानं केक पुढं ठेवला, त्यानं हात लावला नाही. माझ्यासमोर बसून खूप वेळ बोलला आणि रडला. कानाचं मशीन कपाटात होतं. उठून आणता आलं असतं. आणलं नाही. नुसती त्याच्या तोंडाकडं बघत बसले. समोरचा ऐकत नाही म्हणजे काय होतं ते त्याला थोडं कळू दे म्हटलं.

त्याचं संपल्यावर मी एवढंच सांगितलं की अमरनाथरावांकडं जा, गर्दी जमवून नको, आणि ते सांगतील ते कर. सोडायचं का नाही ते त्यांनी ठरवावं. तू नाही, मीही नाही.

पोरीला जप. तिच्याकडून भांडी घासून घेऊ नकोस.

तुझी,
राहेल


लातूर,
ता. ९ जानेवारी

ती. राहेलअक्कास,
सप्रेम सलाम. वि. वि. नवं वर्ष तुला निरोगी जावो.

तुझ्या सांगण्यावरून एकतीसला सकाळी आनंदराज आला. ब्लेझर नाही, दाढी वाढलेली. तिकीट दुसऱ्याला गेल्याचं आदल्या दिवशी कळलं होतं. मी त्याला बस म्हटलं नाही. तो आपणच ह्यांच्यासमोर जमिनीवर बसला आणि विचारलं, दाजी, मी काय करू.

ह्यांनी खूप वेळ घेतला. काठी भिंतीला टेकवली, परत उचलली. मग एकेक शब्द काढला. तू. गा. एकटा.

त्याला कळलं नाही. अक्षराला कळलं. तिनं बापाला समजावून सांगितलं की नव्या वर्षाच्या सकाळच्या उपासनेला, मागच्या नाताळात दाजी उभे होते तसं सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि तेच पद म्हणायचं. माइक नाही, साउंड नाही. पेटीही नाही, मी वाजवणार नाही, असं तिनं वर सांगितलं. अक्का, त्याचा चेहरा उतरला. लहानपणानंतर तो कधी गायलाच नाही. माइकवर बोलत आला.

एक तारखेला चर्च भरलेलं. पाळकसाहेबांनी काही प्रस्तावना केली नाही, नुसतं नाव घेतलं. हा उभा राहिला. हात कुठं ठेवावेत कळेना, खिशात घातले, काढले. सुरुवातच चुकीच्या पट्टीत झाली. दुसऱ्या कडव्यात चाल वर चढते तिथं आवाज फाटला आणि थांबला. मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. त्या हसण्यासाठी मी वर्ष काढलं होतं. मान वळवून बघितलंसुद्धा, कोण हसलं ते.

सगळं चर्च ह्यांच्याकडं बघत होतं. आता दाजी ती ओळ उचलतील आणि त्याला सोडवतील, असं वाटत होतं. हे हलले नाहीत. त्याला तिथं उभं ठेवलं. तो ती ओळ गिळून पुढं गेला, कसाबसा शेवटाला पोचला आणि खाली उतरायला वळला.

हे म्हणाले, पुन्हा.

कुणाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. ह्यांनी काठी फरशीवर आपटली. पुन्हा. आनंदराज परत वर गेला. बाकावरून कुणी उठलं नाही, पाळकसाहेबसुद्धा नाही. तो पहिल्यापासून म्हणू लागला आणि ह्यांनी काठीनं ठेका धरला, हळू, एकसारखा. चाल चढायची जागा आली तशी त्यांनी काठी दोनदा वाजवली. आमच्या स्वयंपाकघरात तो चड्डीतला पोरगा पेटीवर चुकायचा, तेव्हा हे पाटावर बोटानं अशीच दोनदा टिचकी मारायचे. तो थांबला, श्वास घेतला आणि ओळ बरोबर लागली. फार गोड नाही, पण बरोबर.

मला ते आवडलं नाही, अक्का. मला तो पडलेला हवा होता. ह्यांनी त्याला पाडलं आणि माझ्या डोळ्यांदेखत उभं केलं. मला विचारलंही नाही. घरी येईपर्यंत मी ह्यांच्याशी बोलले नाही. नवऱ्याला एक शब्द फुटला की मी नवस फेडल्यासारखी आनंदानं नाचेन असं वाटायचं, आणि इथं मी रुसून चाललेय.

तो चर्चच्या दाराशी उभा होता. ह्यांना विचारलं, दाजी, झालं का. हे म्हणाले, उद्या.

तेव्हापासून रोज संध्याकाळी येतो. ह्यांच्यासमोर बसून गातो. चुकला की पुन्हा, संपलं की उद्या. माफ केलं असं ह्यांनी अजून म्हटलेलं नाही, आणि म्हणतील असं मला वाटत नाही. तो एकदा चिडून म्हणाला, किती दिवस दाजी. ह्यांनी नुसती काठी हातात घेतली, आणि तो आपणच परत सुरू झाला. अक्षरा चौथ्या दिवशी आपली पिशवी उचलून त्याच्याबरोबर घरी गेली, पण आधी त्याच्याकडून कबूल करून घेतलं की पेटी शिकायला ती इथं येत राहणार.

परवाची गोष्ट सांगून थांबते. तो त्याच ओळीवर अडला. हे काठी वाजवून थकले, त्याला काही जमेना. मी आत पीठ चाळत होते. आणि बाहेरून ती ओळ आली. आनंदराजचा आवाज नव्हता. जड, शब्द एकमेकांत अडकलेले, पण वर कुठं चढायचं ते ज्याला माहीत आहे त्याचा आवाज. एकच ओळ. मी चाळणी खाली ठेवली नाही, तशीच हातात धरून उभी राहिले, आवाज झाला तर थांबतील म्हणून. मग ह्यांनी त्याला म्हटलं, पुन्हा, आणि तो रडत रडत गायला लागला.

मी बाहेर गेले नाही. त्यानं माझं रडणं बघावं एवढी मी अजून म्हातारी झाले नाही.

तनुजाला म्हणावं, केक पोचला, चांगला होता. करंज्यांची वेळ आली की मात्र मला बोलाव.

तुझ्या मायेची वाटेकरी,
उज्वला

ता. क. तो रोज येतो म्हणून तू विचारशीलच. हाव, चहा देते. साखर घालत नाही.